माझ्या नावाचा सालुदो

शनिवारी दुपारी बारा वाजले की मी डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसायचो आणि माझाच बँड माझ्याशिवाय वाजताना बघायचो. दर शनिवारी जेवणाआधीच माझं पित्त खवळायचं. बायको म्हणायची, "मग बघतोस कशाला? बंद कर ना." बंद कसं करणार? आपल्या जागेवर कोणी येऊन बसलंय का, हे बघायला नको?

जागा म्हणजे ट्रम्पेटची. दोन हजार वीसचा हिवाळा, इकडे तो जून ते ऑगस्ट, आणि मेलबर्नचा तो लांबच लांब लॉकडाउन. लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, कोणाची माणसं जात होती, आणि मला दिवसभर एकच घोर लागलेला: हे सगळं संपेपर्यंत बँडमधली माझी जागा राहते की जाते? आज सांगायला लाज वाटते. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, हे खरं आहे.

बँड मेक्सिकन, मी वसईचा. हे कसं जमलं ते सांगतो.

मेक्सिकोच्या उत्तरेकडच्या एका गावात एका नवरा-बायकोने हा बँड काढला होता. कुंबिया वाजवायचे. कुंबिया म्हणजे त्यांचं नाचायचं संगीत, ठेका साधा, पण ऐकता ऐकता बसल्या खुर्चीत माणूस डुलायला लागतो. नवरा ट्रम्पेटवर आणि बायको ग्वीरोवर. ग्वीरो म्हणजे खाचा पाडलेली धातूची नळी, ती काट्याने खरवडायची. आवाज थेट खवणीवर नारळ खवल्यासारखा. लग्नं, मुलींचे पंधरावे वाढदिवस, गावची जत्रा, जिथे बोलावतील तिथे नातेवाइकांच्या ट्रकमधून जायचे. पोरं त्या ट्रकमध्येच मोठी झाली आणि एकेक वाद्य उचलत गेली. मग थोरला मुलगा वेल्डिंग शिकायला म्हणून मेलबर्नला आला, टिकला, आणि हळूहळू त्याने सगळ्यांना इकडे आणलं. फक्त एक मुलगी लग्न होऊन तिकडेच राहिली. इथे डँडेनॉन्गच्या घरातल्या गॅरेजमध्ये बँड परत उभा राहिला: थोरल्याचा अकॉर्डियन, धाकट्याचे ड्रम, थोरल्याची बायको गाणार, नात कीबोर्डवर. आणि सगळ्यांच्या पुढे, गळ्यात चष्म्याची दोरी अडकवून, ग्वीरो खरवडणारी म्हातारी. सगळे तिला मामी म्हणायचे. त्यांच्याकडे मामी म्हणजे आई, आपल्याकडे मामाची बायको. मला दोन्ही चाललं.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते चर्चच्या जत्रेत. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, पॉइंट कुकला राहतो. महिन्यातून एकदा डँडेनॉन्गला मसाले आणि सुकी मासळी आणायला जायचो. त्या रविवारी मासळीची पिशवी हातात धरूनच मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. बँड झकास होता. पण एका गाण्यात मध्येच सगळे थांबले आणि म्हातारी एकटीच खरवडत राहिली. खर्र खर्र खर्र. मग परत सगळे सुरू. मी बँडवाल्याचा पोरगा. माझ्या आज्याने काढलेला बँड वसईत पप्पांनी चाळीस वर्षं चालवला, लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवर पाणी आणायला निघालेल्या बायकांच्या पुढे मी सातव्या वर्षापासून वाजवत चाललोय. त्या गाण्यात भोक होतं ते मला लगेच दिसलं.

गाणं संपल्यावर मी शहाणा पुढे गेलो आणि थोरल्याला विचारलं, "मेट, तुमच्याकडे ट्रम्पेट नाही का?"

सगळ्यांनी म्हातारीकडे बघितलं. मग तो म्हणाला, ट्रम्पेट वडिलांचा. दोन वर्षांपूर्वी ते गेले. तेवढा तुकडा आम्ही दुसऱ्या कोणाला देत नाही. तो त्यांचाच आहे, मामी तिथे त्यांच्यासाठी ठेका धरते.

दुसरा कोणी असता तर सॉरी म्हणून निघाला असता. मी म्हणालो, "मी वाजवतो ना ट्रम्पेट!" बायकोने मागून शर्ट ओढला. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मासळीच्या पिशवीचा वास घेतला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. थोरल्याने सांगितलं, "ती विचारतेय, तू जेवलास का?"

पुढचे चार महिने मी रविवारी जेवायलाच गेलो म्हणा. जेवायचं, स्पीकर उचलायचे, वायरी गुंडाळायच्या. ट्रम्पेटची पेटी गाडीच्या डिकीतच. विचारायची सोय नव्हती. मग एका रविवारी गॅरेजमध्ये त्याच गाण्यात तो तुकडा आला, म्हातारीने हात थांबवला नाही, पण माझ्याकडे बघून हनुवटी वर केली. मी पळत जाऊन डिकीतून ट्रम्पेट आणला. दुसऱ्या वेळेला तुकडा आला तेव्हा वाजवला. वाजवून झाल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धाकटा डोळे पुसत होता आणि मामी आत तव्याकडे गेली. त्यानंतर दीड वर्ष मी त्यांचा ट्रम्पेटवाला होतो. घरचा नसलेला एकटाच.

आणि मग लॉकडाउन लागला. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, दिवसातून तासभर चालायला निघायचं, आणि एका घरात राहणाऱ्यांनीच एकत्र बसायचं. बाकीच्या सगळ्या बँडांचे हाल झाले. आमच्या बँडला काय? पाचच्या पाच एका घरात! पन्नास किलोमीटरवर बसलेला मी तेवढा बाहेर. आम्ही व्हिडिओ कॉलवरून वाजवून बघितलं, पण माझा सूर तिकडे पोचेपर्यंत त्यांचा ठेका पुढे गेलेला असायचा. वरातीच्या मागे धापा टाकत पळणाऱ्या पाहुण्यासारखं झालं माझं. दोन दिवसांनी थोरल्याचा मेसेज आला: सॉरी मेट, हे नाही चालत. आम्ही शनिवारी दुपारी गॅरेजमधून लाइव्ह करतोय, तू बघ.

तू बघ!

तर मी बघायला लागलो. इकडे शनिवारची दुपार म्हणजे तिकडे मेक्सिकोत शुक्रवारची रात्र, त्यामुळे तिकडचेही शेकड्याने बघायचे. आणि कुंबियात एक पद्धत आहे, सालुदोची. गाणं चालू असतानाच गाणारी माइकवर लोकांची नावं घेते: अमक्या गावच्या तमक्या घराला आमचा नमस्कार, आजीला वाढदिवसाचा नमस्कार, नाइट शिफ्टला निघालेल्या अमक्याला नमस्कार. खाली कॉमेंटमध्ये लोक नावं पाठवतात आणि आपलं नाव आलं की वेडे होतात. लॉकडाउनमध्ये तर सालुदोंचा पूर आला. गाणं कमी आणि नावंच जास्त. वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, सगळ्यांना द्यायची. त्यांची व्हॅन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला दिला, मक्याचं पीठ विकणाऱ्याला दिला, शेजारच्या सर्बियन म्हाताऱ्याला दिला, त्याच्या कुत्र्याला दिला.

मला नाही.

पहिल्या शनिवारी वाटलं, राहिलं असेल. दुसऱ्या शनिवारी मी टेबलाशी नीट शर्ट घालून बसलो. कशाला, देव जाणे. तिसऱ्या शनिवारी कुत्र्याला मिळाला तेव्हा मी उठून बॅकयार्डमध्ये गेलो आणि कपडे वाळत घालायच्या दांडीभोवती फेऱ्या मारल्या.

हे कोणाला पोरकट वाटेल, पण आमच्याकडे माइकवर नाव घेणं न घेणं ही साधी गोष्ट नाही. मांडवात आहेर वाचतात, त्यात ज्याचं नाव राहिलं तो न जेवता निघतो आणि पुढची तीन लग्नं येत नाही. आमच्या पप्पांचा किस्सा अख्ख्या वसईला माहीत आहे. एका लग्नात माइकवाल्याने आचाऱ्याचे आभार मानले, डेकोरेशनवाल्याचे मानले, जनरेटरवाल्याचेसुद्धा मानले, बँडचं नाव घेतलं नाही. पप्पांनी हातातली काठी खाली केली, अकरा जणांचा बँड गपकन थांबला, आणि सगळ्यांना घेऊन ते सरळ घरी चालत आले. नवरी मांडवात ताटकळत उभी. नवरीचा बाप पाया पडायला आला तेव्हा पप्पा अंगणात बसून पेज खात होते. "नाव घ्यायचं नसेल तर बोलवायचं नाही," एवढंच म्हणाले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि मला पप्पा त्या दिवशी डोंगराएवढे मोठे वाटले होते. तेच रक्त. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

त्यातून गाण्यातला माझा तुकडा. दर शनिवारी ते गाणं यायचंच, आणि तुकडा आला की सगळे थांबायचे आणि मामी एकटी खरवडायची. खर्र खर्र खर्र. मी बायकोला ओरडून सांगायचो, "बघ! कापलं मला. माझ्यावाचून मजेत चाललंय बघ त्यांचं."

"मग तू वाजव की इथे," ती म्हणायची. "तेवढीच जागा रिकामी आहे, वाजव त्यांच्याबरोबर."

"कोणासाठी? या भिंतींसाठी?"

"मग रुसून बस."

बसलो. ट्रम्पेट कपाटावर, पेटीवर धूळ. घरात मुलीचा ऑनलाइन वर्ग, बायकोच्या मीटिंगा, माझ्या मीटिंगा, एकदा मी नुसतं माउथपीसमधून फुंकून बघितलं तर मुलगी दार उघडून किंचाळली, "डॅड, आय हॅव अ टेस्ट!" मग तेही सोडलं. पण उजव्या हाताची तीन बोटं काही ऐकेनात. माउसवर, टेबलावर, चालताना मांडीवर, सारखी ती तीन बटणं दाबत राहायची. जिवाची नुसती तगमग. तासाभराची परवानगी असलेलं चालणं मी पस्तीस मिनिटांत उरकून यायचो आणि मग घरात, किचनपासून गॅरेजपर्यंत, येरझाऱ्या. बायको म्हणाली, "कार्पेट झिजेल." मी म्हटलं, "झिजू दे."

ऑगस्टमध्ये एका शनिवारी वहिनीने सालुदो दिला तो एका अशा माणसाला, जो फक्त एकदा त्यांच्याकडे पिझ्झा द्यायला आला होता. झालं. माझं डोकंच फिरलं. मी थोरल्याला मेसेज लिहायला घेतला. चार वेळा खोडला. शेवटी हसरा चेहरा टाकून अगदी सहज वाटावं असा पाठवला: इतक्या सगळ्यांना सालुदो देता, एखादा पॉइंट कुकलाही द्या की, आम्हीही बघतो दर शनिवारी.

लगेच उत्तर आलं: नो वरीज, मेट.

पुढच्या शनिवारी मी बायकोला आणि मुलीलाही बसवलं. आणि खरंच! तिसऱ्याच गाण्यात वहिनीने माझं नाव घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट, आडनावाचा पार खिमा करून, पण घेतलं. पॉइंट कुकच्या आमच्या मित्राला आणि त्याच्या घराला नमस्कार! खाली कॉमेंटमध्ये मेक्सिकोतल्या कोण कोण लोकांनी टाळ्या टाकल्या. मुलगी म्हणाली, "दॅट्स सो कूल." मी स्क्रीनचा फोटो काढून पप्पांना पाठवला. छाती कशी भरून आली होती.

मग आमचं गाणं लागलं. तुकडा आला. मी सवयीने दात-ओठ खात त्या खरखरीची वाट बघत होतो, आणि नातीने कीबोर्डवर माझा तुकडा वाजवला. सगळाच्या सगळा. ट्रम्पेटचा आवाज लावून.

मी खुर्चीतून उठलो. बायको म्हणाली, "हे पहिल्यांदाच झालं ना रे?" तिलाही कळलं होतं. मामी कॅमेऱ्याकडे न बघता खाली मान घालून खरवडत होती.

तासभर मी येरझाऱ्या घातल्या आणि मग व्हिडिओ कॉल लावला. मामीच समोर आली, बाजूला नात, इंग्लिशमध्ये सांगायला. मी नातीला म्हटलं, छान वाजवलंस हं. माझा आवाज कसा आला असेल देव जाणे. मग मामीला विचारलं, "माझा तुकडा का दिला?"

म्हातारी एकदम तापली. ती बोलत होती आणि नात बिचारी जेवढं जमेल तेवढं मऊ करून सांगत होती. सालुदो बाहेरच्यांना असतो, ती म्हणाली. जो आपल्या टेबलावर जेवतो त्याला माइकवरून नमस्कार कोण करतं? माझी मुलगी तिकडे आहे, तीन वर्षं मी तिला बघितलं नाही, दर शुक्रवारी पोरांना मांडीवर घेऊन ती बघते. तिचं नाव कधी ऐकलंस? माझ्या नवऱ्याचं कधी ऐकलंस?

मी नाही म्हणून मान हलवली.

"तू मागितलास," नात म्हणाली. "मामीने तुझा मेसेज आमच्याकडून दोनदा वाचून घेतला. तू लिहिलंस, मी बघतो. वाजवतो असं नाही लिहिलंस. मामी म्हणाली, त्याला बघणारा व्हायचं असेल तर होऊ दे. मग जागा रिकामी ठेवून काय करायचं?"

मग मामीने स्वतःच, तिच्या मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये विचारलं. ती ग्वीरोचा काटा धरल्यासारखी मूठ हलवत होती. "एव्हरी सॅटरडे, आय वेट फॉर यू. यू प्ले इन युवर हाउस?"

खोटं बोलता आलं असतं. पण ट्रम्पेटवाल्याच्या बायकोशी काय खोटं बोलणार? मी म्हटलं, "नो, मामी."

तिने मान हलवली आणि उठून गेली. नात म्हणाली, "ओके, बाय, टेक केअर."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इतके आठवडे माझी जागा शाबूत होती. दर शनिवारी सगळा बँड थांबून माझी वाट बघत होता, जशी मामीच्या नवऱ्याची बघितली तशीच, आणि ती खरखर मला वाकुल्या वाटत होती. जत्रेत पहिल्याच दिवशी थोरल्याने सांगितलं होतं, तेवढा तुकडा दुसऱ्या कोणाला देत नाही म्हणून. ते मी विसरलो कसा? विसरलो नव्हतो, फक्त माझ्या बाबतीत तसं असेल हे डोक्यातच आलं नाही. मांडवातल्या माइककडे कान लावून बसलेला माणूस मी. बायकोला म्हटलं, "मी गाढव आहे." ती म्हणाली, "आहेसच." आणि स्टुलावर चढून तिने कपाटावरची पेटी काढून दिली.

ओठ गेले होते. ट्रम्पेट दोन-तीन महिने सोडला की ओठ गाजरासारखे बोथट होतात, वरचा सूर लागतच नाही, नुसती हवा. मी गॅरेजमध्ये गाडी बाहेर काढून, जुन्या रजया टांगून वाजवायला लागलो. रोज. शनिवारी बारा वाजता लॅपटॉप तिथेच. तुकडा आला की नात वाजवायची आणि तिच्याबरोबर मीही. कोणाला ऐकू जात नव्हतं. कोणाला सांगितलंही नाही. सालुदो मागून एकदा तोंड पोळलं होतं. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. मुलगी एकदा गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, "इट्स गेटिंग लेस बॅड." रोज मला वाटायचं, उशीर झाला, आता नाही घेणार, तरीही वाजवायचो. झोपेतही बोटं हलायची असं बायको सांगते.

नोव्हेंबरमध्ये अंतराची बंदी उठली, घरी जायची मोजकी परवानगी मिळाली. मी थोरल्याला लिहिलं, भेटायला येऊ का? त्याने लिहिलं, ये, मामी विचारतेय तू जेवलास का. डिकीत ट्रम्पेट टाकला आणि निघालो. फ्रीवेवर माझ्यासारखे सगळेच सुटल्यासारखे पळत होते.

गॅरेजमध्ये सगळे आपापल्या वाद्यांशी. मी दाराजवळ, मास्क लावून, पाहुण्यासारखा उभा. पेटी हातात, पण उघडली नाही. मामी आली. मिठी मारायची बंदी, म्हणून तिने कोपराला कोपर लावलं, आणि खायला दे म्हणून सुनेला ओरडली. मी खायला मास्क काढला तशी ती थांबली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, पुढे येऊन, बंदीबिंदी विसरून, माझी हनुवटी धरली आणि चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला. रोज तास-तास ट्रम्पेट वाजवला की वरच्या ओठावर माउथपीसचा गोल लाल वळ उठतो. तीस वर्षं तिने नवऱ्याच्या ओठावर तो वळ बघितला होता.

तिने काही विचारलं नाही. नातीकडे वळून दोन शब्द म्हणाली. नातीने हसून दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले. गाणं सुरू झालं. तुकडा आला, सगळे थांबले, आणि मी वाजवला. वरचा सूर फाटला. धाकटा ड्रममागून खो खो हसला. मामीने ठेका सोडला नाही.

डिसेंबरात पहिला कार्यक्रम झाला, कोणाच्या तरी बॅकयार्डमध्ये, एका मुलीचा पंधरावा वाढदिवस. पाहुणे मोजके, पण सालुदोंची कसर नव्हती: मुलीच्या आज्यांना, केकवालीला, शेजाऱ्यांना, बारबेक्यूवर घाम गाळणाऱ्या काकांना. बायकोने सगळं फोनवर घेतलं आणि वसईला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांचा फोन. रागाने धुमसत होते.

"सगळं ऐकलं मी," ते म्हणाले. "दोनदा ऐकलं. त्या बाईने केकवालीचं नाव घेतलं, मटण भाजणाऱ्याचं घेतलं. तुझं नाव कुठे घेतलं रे?"

"नाही घेतलं, पप्पा."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका खुशीत आला की पप्पा म्हणाले, "मग हसतोस कशाला?"